सिमेंटला नको असलेली राख

१६ जुलै २०२२ रोजी, भर पावसात, नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या खसाळा इथल्या राख-तलावाचा बांध फुटला. राखेचा करडा गाळ आसपासच्या गावांच्या शिवारात पसरला आणि ओढ्या-नाल्यांतून कोलार नदीत व पुढे कन्हानच्या पात्रात उतरला. नागपूर शहर ज्या नद्यांचं पाणी पितं, त्यांतली कन्हान ही एक. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या सिंगरौलीत असाच बांध फुटून माणसं वाहून गेली होती. अशा प्रत्येक घटनेनंतर पंचनामे होतात, भरपाईची बोलणी होतात, बांध पुन्हा उभा राहतो आणि त्यामागे राख साठतच राहते. बांध का फुटला याचा शोध ज्यांनी घ्यायचा ते घेतील; इथे विचार करायचा आहे तो बांधामागे साठलेल्या पदार्थाचा. या राखेत साधारण निम्म्याहून अधिक सिलिका असते आणि पाव भागाच्या आसपास अ‍ॅल्युमिना. दगड, माती, वीट, काच या साऱ्यांचा पाया असलेली हीच ती द्रव्यं. योग्य अल्कली मिळाली तर ही राख भट्टीत न घालताही दगडासारखी घट्ट होते. त्या पदार्थाला जिओपॉलिमर म्हणतात. पर्यावरणाच्या चर्चेत त्याला हल्ली सरसकट ‘हरित सिमेंट’ म्हणून डोक्यावर घेतलं जातं आणि बांधकामाच्या जागेवर ‘हे सगळं प्रयोगशाळेत ठीक’ म्हणून मोडीत काढलं जातं. मला या दोन्ही भूमिका चुकीच्या वाटतात. सिमेंट जी राख नाकारतं ती राख वापरून, आणि सिमेंट ज्या कामांत कमी पडतं ती कामं करून जिओपॉलिमरने आपली जागा मिळवावी. तसं झालं तरच त्याला पर्यावरणपूरक म्हणण्यात अर्थ आहे.

आधी सिमेंटचा हिशोब पाहू. चुनखडी आणि माती दळून सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की क्लिंकर तयार होतं, आणि तेच जिप्समसह दळलं की सिमेंट. या भाजणीत दोन वाटांनी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक वाट इंधनाची. ती दगडी कोळशाऐवजी दुसरं काही जाळून काही अंशी बंद करता येते. दुसरी वाट मात्र खुद्द दगडाची आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की त्यातून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, मग भट्टी कोळशावर चालो की सूर्यप्रकाशावर. सिमेंट उद्योगाच्या एकूण उत्सर्जनातला मोठा वाटा, साधारण साठ टक्के, या दुसऱ्या वाटेचा आहे. जगात वर्षाला सुमारे ४०० कोटी टन सिमेंट बनतं आणि माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के त्यातून येतो. चीनच्या खालोखाल आपला क्रमांक आहे. आपलं वार्षिक उत्पादन ४० कोटी टनांच्या पुढे गेलं आहे. घरं, पूल, धरणं, रस्ते यांची आपल्याला असलेली गरज खरी आहे, त्यामुळे ‘सिमेंट वापरू नका’ हा सल्ला कुणी देऊ नये. पण एका चंद्रपूर जिल्ह्याचा नकाशा समोर धरला तरी प्रश्न डोळ्यांत भरतो. कोळशाच्या खाणी तिथे, २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र तिथे, राखेचे तलाव तिथे, आणि घुग्घूस, गडचांदूर, आवारपूरचे सिमेंट कारखानेही तिथेच. एकीकडे नवी चुनखडी खणून भाजायची आणि त्याच जिल्ह्यात सिलिका-अ‍ॅल्युमिनाचे डोंगर पाण्याखाली दाबून ठेवायचे, असं चाललं आहे.

राखेत बांधणारी शक्ती येते कुठून? कोळशाबरोबर खाणीतून मातीही येते. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के असतं, ते या मातीमुळेच. बॉयलरच्या ज्वाळेत ही माती वितळते आणि धुराबरोबर वर जाताना झटकन थंड होते. इतक्या झटकन की तिच्या अणूंना स्फटिकात शिस्तीने बसायला वेळच मिळत नाही. काचेचे सूक्ष्म गोल कण तयार होतात. ही विस्कळीत काच रासायनिकदृष्ट्या अस्वस्थ असते. तीव्र अल्कलीच्या द्रावणात तिचे बंध तुटतात, सिलिका आणि अ‍ॅल्युमिना द्रावणात उतरतात आणि पुन्हा एकमेकांशी जोडले जाऊन तिन्ही दिशांनी गुंफलेली जाळी तयार होते. सोडियमचे आयन त्या जाळीच्या पोकळ्यांत बसून विद्युतभार सांभाळतात. सिमेंटमध्ये पाणी स्वतः रासायनिक क्रियेत भाग घेतं आणि तिथेच अडकून राहतं. इथे ते मुख्यतः वाहनाचं काम करतं आणि जाळी घट्ट होताना बरंचसं बाहेर पडतं. म्हणूनच जिओपॉलिमर काँक्रीटवर सिमेंटसारखं दिवसेंदिवस पाणी मारत बसावं लागत नाही. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला भारतीय मानकाप्रमाणे किमान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओलं ठेवावं लागतं. मार्च-एप्रिलात टँकरच्या पाण्यावर बांधकाम उरकणाऱ्या मराठवाड्यातल्या तालुक्यांत ही बाब किरकोळ नाही.

एक फरशी, म्हणजे रस्त्याकडेला बसवतात तो पेव्हर ब्लॉक, कसा बनतो ते जवळून पाहिलं की या तंत्राचे गुण आणि अडचणी दोन्ही समजतात. कॉस्टिक सोड्याचे पांढरे पापुद्रे पाण्यात टाकले की पाणी आपोआप तापतं, भांड्याला हात लावता येऊ नये इतकं. म्हणून हे द्रावण आदल्या दिवशीच करून निववून ठेवण्याची पद्धत आहे. त्यात सोडियम सिलिकेट मिसळतात. साबण आणि डिटर्जंटच्या कारखान्यांत वापरतात तोच हा काकवीसारखा दाट द्रव. मग राख, कच आणि बारीक खडी मिक्सरमध्ये कोरडी फिरवून त्यावर हे द्रावण ओततात. तयार झालेला माल चिकट असतो, थापीला धरून ठेवतो आणि साच्यात नीट बसण्यासाठी व्हायब्रेटरचा चांगला दणका मागतो. सिमेंटच्या मालाची सवय असलेल्या गवंड्याचा हात तो घट्ट वाटला की आपोआप पाण्याच्या बादलीकडे जातो, आणि तेवढ्या जास्तीच्या पाण्याने ताकद घसरते. साचे साधारण ६० अंशांच्या उबेत एक दिवस ठेवले की सिमेंटला २८ दिवसांत येते तशी ताकद दुसऱ्याच दिवशी हाती येते. राखेबरोबर पोलाद कारखान्यातली दाणेदार मळी, म्हणजे स्लॅग, मिसळली तर उबेचीही गरज राहत नाही. नेहमीच्या हवेत माल सेट होतो.

ही कालपरवाची कल्पना नाही. बेल्जियमच्या आर्थर पर्डन यांनी स्लॅग आणि अल्कली यांच्यापासून बांधणारा पदार्थ करण्याचे प्रयोग १९४० मध्येच प्रसिद्ध केले होते. पुढे १९५० च्या दशकात कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी या विषयाला शास्त्रीय बैठक दिली आणि सोव्हिएत संघात अशा काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. रशियातल्या लिपेत्स्क शहरात तर वीस मजल्यांहून उंच. १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या भीषण आगींनंतर न जळणारा पदार्थ शोधताना रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डाविडोव्हिट्स या दिशेला वळले आणि जिओपॉलिमर हे नाव त्यांनीच रूढ केलं. ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन विद्यापीठात राखेच्या काँक्रीटचे तपशीलवार अभ्यास झाले. २०१४ मध्ये क्वीन्सलंड राज्यात टूवूम्बाजवळ वेलकॅम्प विमानतळ सुरू झाला. त्याच्या बांधकामात या जातीचं हजारो घनमीटर काँक्रीट वापरलं गेलं आणि त्यावर आज मोठी विमानं उभी राहतात. तेव्हा ‘हे प्रयोगशाळेबाहेर टिकत नाही’ हा आक्षेप सोडून द्यायला हरकत नसावी.

पण याच यशोगाथांत एक गोष्ट दडलेली आहे आणि तिकडे आपल्याकडचे उत्साही समर्थक दुर्लक्ष करतात. सोव्हिएत इमारती उभ्या राहिल्या त्या स्लॅगवर, आणि वेलकॅम्पच्या मिश्रणातही स्लॅगचा मोठा आधार होता. भारतात दाणेदार स्लॅगला गिऱ्हाईक नाही असं मुळीच नाही. सिमेंट कंपन्या ती आनंदाने उचलतात. स्लॅग सिमेंटमध्ये तिचं प्रमाण २५ ते ७० टक्के असू शकतं. वीज केंद्राच्या धुरातून पकडलेली बारीक, कोरडी राखही पीपीसी, म्हणजे राखमिश्रित, सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत जाते. आपण दुकानातून आणतो त्या बऱ्याचशा गोण्यांत ती असतेच. आता कुणी ही स्लॅग किंवा ही बारीक राख सिमेंट कंपनीकडून वळवून तिचं जिओपॉलिमर केलं, तर त्या सिमेंट कंपनीला तेवढं क्लिंकर जास्त भाजावं लागेल. जिओपॉलिमरवाल्याच्या कागदावर कार्बन वाचलेला दिसेल आणि हवेतला कार्बन मात्र होता तिथेच राहील. या आक्षेपाला मी फार वजन देतो, कारण तो आकडेमोडीचा आक्षेप आहे आणि घोषणांनी त्याचं उत्तर देता येत नाही. त्याचं उत्तर एकच आहे. जिओपॉलिमरचा कच्चा माल असा हवा, की ज्याला सिमेंट कंपनी दारात उभं करत नाही.

असा माल आपल्याकडे भरपूर आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अहवालानुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या वीज केंद्रांतून सुमारे २७ कोटी टन राख निघाली आणि तिच्यापैकी जवळपास ९६ टक्के राखेचा ‘उपयोग’ झाला. हा आकडा वाचून प्रश्न सुटला असं वाटू शकतं. पण सिमेंटमध्ये गेलेली राख त्यात साधारण पाव हिस्सा आहे. सखल जमिनीत टाकलेली भर, रिकाम्या खाणींत ओतलेली राख, एवढंच काय, राखेच्याच तलावाचा बांध उंच करायला वापरलेली राख, हे सगळं उपयोगातच मोजलं जातं. याखेरीज गेल्या कैक दशकांत तलावांत साठलेली जुनी राख आहे, देशभरात मिळून शंभर कोटी टनांहून किती तरी अधिक. ही तलावातली राख सिमेंटला नको असते, आणि तिची कारणं तलावाच्या काठावर उभं राहिलं तरी दिसतात. पाइपाच्या तोंडाशी जाड, वाळूसारखी राख बसते. पाणी पुढे नेईल तसतशी ती बारीक होत जाते आणि दूरच्या टोकाला पिठासारखी मऊ. तिच्यात बॉयलरच्या तळाची जाड राखही मिसळलेली असते, न जळलेला कोळसा असतो, ओलावा असतो. एकाच तलावातून दहा ठिकाणचे नमुने काढले तर दहा वेगवेगळे पदार्थ हाती लागावेत, अशी स्थिती. अशी राख अल्कलीत लवकर विरघळत नाही हेही खरं.

तरीही मार्ग आहे. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेने या विषयात दीर्घकाळ काम केलं आहे. राख विशिष्ट प्रकारे दळली की कणांचा पृष्ठभाग वाढतो, त्यांची रचना खिळखिळी होते आणि सुस्त राखही अल्कलीला दाद देऊ लागते, हे तिथल्या संशोधनातून पुढे आलं. त्या ज्ञानातून पेव्हर ब्लॉकही बनवले गेले. दळण्याला वीज लागते, हे मान्य. पण दगड १,४५० अंशांपर्यंत भाजण्याच्या तुलनेत ती थोडीच. दुसरा मार्ग मला त्याहून मोठा वाटतो. घनमीटरभर काँक्रीटमध्ये बांधणारी राख फार तर ४०० किलोच्या आसपास जाते. उरलेला पाऊण भाग खडी आणि वाळूचा असतो. मग राखेचीच खडी का करू नये? एनटीपीसीने डिसेंबर २०२० मध्ये राखेपासून जिओपॉलिमर खडी तयार केल्याचं जाहीर केलं आणि ती भारतीय मानकांच्या कसोट्यांना उतरल्याचं राष्ट्रीय सिमेंट व बांधकाम साहित्य परिषदेच्या हैदराबाद केंद्राने तपासलं. खडीसाठी आपण सह्याद्रीच्या उपरांगांतले डोंगर सुरुंगांनी पोखरतो, आणि वाळूसाठी नद्यांचं काय करून ठेवलं आहे ते सांगायला नको. राख खडीच्या रूपात वापरली तर एका घनमीटरमागे खपणारी राख कितीतरी पटीने वाढते आणि डोंगरही वाचतो. कार्बनच्या चर्चेत हा फायदा सहसा कुणी मोजत नाही.

आता जिओपॉलिमरच्या सर्वांत दुखऱ्या जागेकडे येऊ. राख टाकाऊ असेल, पण अल्कली टाकाऊ नाही. ती कारखान्यात मुद्दाम बनवावी लागते. कॉस्टिक सोडा मिठाच्या द्रावणातून वीज सोडून मिळवतात आणि एका टनाला दोन ते अडीच हजार युनिट वीज खर्च होते. सोडियम सिलिकेटसाठी वाळू आणि सोडा अ‍ॅश यांचं मिश्रण हजार अंशांच्या वर वितळवतात. म्हणजे बांधकामाच्या जागेवर भट्टी दिसत नसली, तरी ती दुसरीकडे कुठे तरी पेटलेली असतेच. साहजिकच ‘जिओपॉलिमरने ८० टक्के कार्बन वाचतो’ हा नेहमी फेकला जाणारा आकडा तपासून घ्यायला हवा. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या टर्नर आणि कॉलिन्स यांनी २०१३ मध्ये अल्कलीची निर्मिती, वाहतूक आणि उबेसाठी लागणारी ऊर्जा धरून हिशोब मांडला तेव्हा बचत भरली जेमतेम नऊ टक्के. इतर अभ्यासांत ती चाळीस-साठ टक्क्यांपर्यंत दिसते. हे अभ्यास परस्परविरोधी वाटले तरी त्यांत विसंगती नाही. कच्चा माल कुठून आणला, अल्कली किती व कोणत्या विजेवर बनली, साचे कशाने तापवले, यावर उत्तर अवलंबून आहे. जिओपॉलिमर हे काही ठरावीक पाकीटबंद उत्पादन नव्हे. ते मिश्रण आहे, आणि चांगलं मिश्रण करता येतं तसं वाईटही.

चांगलं करण्याचा एक उपाय पूर्व विदर्भाच्या हाताशी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा पट्टा. धान कांडलं की वजनाच्या साधारण वीस टक्के तूस निघतं. राइस मिलच्या बॉयलरमध्ये ते जाळलं की त्याच्या सुमारे वीस टक्के राख उरते आणि त्या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका असते. तूस बेताच्या उष्णतेवर जाळलं असेल तर ही सिलिका कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात सहज विरघळते आणि सोडियम सिलिकेट तयार होतं; हजार अंशांची भट्टी लागत नाही. कोराडी, खापरखेडा, मौदा, तिरोडा ही वीज केंद्रं आणि भाताच्या गिरण्या एकमेकांपासून दूर नाहीत. एका उद्योगाची राख दुसऱ्या उद्योगाच्या राखेला बांधते, आणि कार्बनच्या हिशोबातला सर्वांत जड आकडाच हलका होतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या बगॅसच्या राखेतही सिलिका बरीच असते. तिच्यात अशुद्धी जास्त, त्यामुळे काम अधिक कटकटीचं, पण अभ्यास करण्याजोगं आहे. कॉस्टिक सोड्याला मात्र असा सोपा पर्याय नाही. तो सौर किंवा पवन विजेवर बनेल तेवढाच स्वच्छ होईल, आणि तोवर मिश्रणात तो काटकसरीने वापरणं एवढंच हातात आहे.

मग या मालाचं करायचं काय? घराचे स्लॅब, कॉलम आणि बीम यांत त्याची घाई करू नये, असं माझं मत आहे. आपल्याकडे लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची सारी गणितं ज्या मानकावर चालतात ते सिमेंटसाठी लिहिलेलं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरला की सळईभोवतीचं अल्कलीचं संरक्षण कमी होतं. जिओपॉलिमरमध्ये ही प्रक्रिया मिश्रणागणिक वेगळी चालते, आणि कोकणच्या खाऱ्या दमट हवेत चाळीस-पन्नास वर्षांनी सळया कशा राहतील याची खात्री देण्याइतका अनुभव आपल्या गाठीशी नाही. कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीवर प्रयोग करू नयेत. ज्या वस्तूंत सळईच नसते किंवा नाममात्र असते त्या मात्र निर्धास्तपणे करता येतील. पेव्हर ब्लॉक, कर्बस्टोन, कंपाउंडच्या भिंतीचे ठोकळे, गटाराच्या बाजूंचे तुकडे, शेततळ्याच्या काठाची फरसबंदी. भारतीय मानक ब्यूरोनेही हीच वाट धरली आहे. २०२० मध्ये निघालेलं आयएस १७४५२ हे मार्गदर्शक मानक अशा अल्कलीवर घट्ट होणाऱ्या काँक्रीटच्या कारखान्यात ओतलेल्या वस्तूंसाठी आहे.

काही कामांत तर जिओपॉलिमर सिमेंटच्या पुढे जातं, आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम डोळ्यांआड जमिनीखाली चालतं. मैलावाहिनीत साठलेल्या घाणीतून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. पाइपाच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी पोचत नाही पण ओल असते, तिथले जीवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. ते आम्ल सिमेंटमधल्या कॅल्शियमच्या संयुगांवर हल्ला करतं. पाइपाचं छत आतून मऊ पडत जातं, आणि एक दिवस वरचा रस्ता खचतो. कमी कॅल्शियमच्या राखेपासून केलेल्या जिओपॉलिमरमध्ये आम्लाला खायला असं फारसं काही नसतं, म्हणून ते तिथे अधिक टिकतं. हीच गोष्ट रासायनिक कारखान्यांतल्या जमिनींची आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतल्या टाक्यांच्या आतल्या थराची. उष्णतेतही ते सिमेंटपेक्षा चांगलं तग धरतं. नगरपालिकांनी स्वस्त काय याऐवजी तीस वर्षांत किती वेळा रस्ता खोदावा लागेल हा प्रश्न विचारला, तर या पाइपांचा विचार त्यांना करावाच लागेल.

या वस्तू कारखान्यातच ओतण्याचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते पहिल्या क्रमांकाचं आहे. आपल्या बांधकामांवर मजूर उघड्या हातांनी, पायात चपला घालून माल कालवतात. कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण कातडी जाळतं, डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. नाक्यावरून रोजावर आणलेल्या माणसाच्या हाती हे द्रावण देणं म्हणजे पर्यावरण वाचवण्यासाठी त्याचे हात पणाला लावणं. कोरड्या भुकटीत अल्कली आधीच मिसळून नुसतं पाणी घालायचं मिश्रण करण्यावर जगभर आणि आपल्याकडेही काम चालू आहे. ते सरावाचं होईपर्यंत हातमोजे, चष्मे, धुण्याचं पाणी आणि प्रशिक्षित माणसं जिथे ठेवता येतात अशा बंदिस्त यार्डातच हे काम व्हावं. यार्डाचा दुसरा फायदा मालाला. अल्कली जास्त झाली की फरशीवर लोणा येतो, पांढरे क्षार वर फुटतात. राखेच्या प्रत्येक खेपेची चाचणी करून द्रावणाचं प्रमाण ठरवणं रस्त्याकडेला शक्य नाही.

राखेतल्या विषारी धातूंचं काय, हा प्रश्न राख-तलावांशेजारी राहणारे लोक विचारतात आणि त्यांना तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. जिओपॉलिमरची जाळी शिसं, जस्त यांसारखे धातू बऱ्यापैकी जखडून ठेवते. परंतु आर्सेनिक, सेलेनियम, क्रोमियम अल्कलीच्या वातावरणात वेगळं रूप घेतात आणि पाण्याबरोबर झिरपू शकतात. ‘एकदा दगड झाला की सगळं सुरक्षित’ हे विधान म्हणूनच सरसकट खरं नाही. अ‍ॅल्युमिनाच्या कारखान्यांतल्या लाल चिखलाबाबत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण त्यात किंचित नैसर्गिक किरणोत्सर्गही असू शकतो. हंगेरीत आयका इथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी अशा चिखलाचा साठा फुटून दहा माणसं दगावली. तो चिखल कुठे तरी वापरला जावा ही तळमळ समजू शकते, तरी राहत्या घराच्या भिंतीत तो जाण्याआधी तपासण्या व्हायलाच हव्यात. राखेच्या वस्तूंवर झिरप-चाचणीचा अहवाल ताकदीच्या अहवालाइतकाच सक्तीचा करावा आणि तो कोणालाही वाचता यावा.

‘कोळसा उद्या बंद होणार, मग राखेवर उद्योग कशाला उभारायचा?’ असंही म्हटलं जातं. युरोपात, जिथे एकामागून एक कोळशाची केंद्रं बंद होत आहेत, तिथे हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे कोळसा इतक्यात जाणार नाही. आणि समजा तो उद्या गेला, तरी तलावांतली राख त्याच्याबरोबर जाणार नाही. केंद्र बंद पडलं की राख-तलावाला वाली उरत नाही, तेव्हा बांध अधिक धोकादायक होतो. साठलेली राख उपसून वापरणारा उद्योग कोळशाला आयुष्य देतो असं मला वाटत नाही. कोळशाने मागे ठेवलेलं तो निस्तरतो.

पैशाचा प्रश्न यानंतर येतो, आणि इथे राख फुकट आहे ही समजूत आधी दूर करायला हवी. परळीत राखेच्या उपशावरून आणि वाहतुकीवरून झालेले वाद विधिमंडळापर्यंत गेले. ज्या पदार्थाला किंमत नाही त्यावरून माणसं भांडत नाहीत. राख उचलणं, वाळवणं, दळणं, वर अल्कलीचा भाव, हे सगळं धरलं तर आज जिओपॉलिमरची फरशी सिमेंटच्या फरशीपेक्षा सहसा स्वस्त पडत नाही. पण सिमेंटच्या भावात राख-तलावाचा धोका, नदीचं नुकसान आणि कार्बन धरलेला नसतो. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने ही किंमत थोडीफार मोजायला सुरुवात केली आहे. वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांवर काही अटींसह राखेच्या वस्तू वापरण्याचं बंधन आहे, जुनी राख दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची आहे, आणि ठरल्याप्रमाणे न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई आहे. हिरवळ लावून स्थिर केलेल्या तलावाला यातून सूट मिळते. ही पळवाट मोठी आहे. झाडं लावल्याने खालची राख आणि भूजल यांचा संबंध तुटत नाही.

या १,००० रुपयांचा विनियोग कसा व्हावा, याबद्दल मला एक सुचवावंसं वाटतं. भरपाईतला ठरावीक वाटा त्याच तलावाभोवतीच्या गावांत जिओपॉलिमरच्या यार्डांना अल्कलीच्या खर्चापोटी द्यावा, अट एवढीच की त्यांनी तलावातली जुनी राख वापरावी, सिमेंट कंपनीला विकली जाणारी कोरडी राख नव्हे. दुसरी गरज खात्रीच्या गिऱ्हाइकाची. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदांच्या दरसूचीत वस्तूचा दर लागतो तेव्हाच अभियंता ती अंदाजपत्रकात धरू शकतो. एरवी त्याची कितीही इच्छा असली तरी लेखापरीक्षणाची भीती त्याला अडवते. आयएस १७४५२ च्या आधारे पेव्हर, कर्बस्टोन आणि गटाराच्या तुकड्यांचे दर सूचीत आले, त्यासोबत झिरप-चाचणीची अट आली, आणि वीज केंद्राच्या पन्नास किलोमीटरच्या आतल्या ग्रामपंचायतींच्या अंतर्गत रस्त्यांना ते प्राधान्याने लागू झाले, तर वाहतुकीचा खर्चही आवाक्यात राहील. सुरुवात एका तलावापासून आणि एकाच वस्तूपासून करावी. पाच पावसाळे त्या फरशांची झीज, लोणा आणि शेजारच्या विहिरींचं पाणी मोजावं, आणि त्या आकड्यांवरून पाइप आणि खडीचा निर्णय घ्यावा.